नावडता कायदा आणि न मोजलेली माणसे

२१ मार्च २०१० च्या रविवारी रात्री अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आरोग्यविम्याच्या सुधारणेचे विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत केले. रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याचे मत त्याला मिळाले नाही. सत्तारूढ डेमोक्रॅटिक पक्षाचेही ३४ सदस्य विरोधात गेले. दोनच दिवसांनी, २३ मार्चला, बराक ओबामा यांची सही होऊन विधेयकाचा कायदा झाला. त्या काळच्या अनेक जनमत चाचण्यांत या विधेयकाला पाठिंब्यापेक्षा विरोध अधिक दिसत होता. विरोधी पक्षाचा मुख्य मुद्दाही हाच होता: लोकांना हा कायदा नको आहे, मग तो तुम्ही कोणाच्या नावाने करता?

प्रश्न वरवर पाहता बिनतोड आहे. लोकशाहीत लोकांना नको असलेला कायदा करायचा, म्हणजे लोकशाहीच मोडायची, असे आपल्यालाही क्षणभर वाटते. परंतु मला यापूर्वीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ‘लोक’ म्हणजे नेमके कोण? कोणाची नापसंती मोजली गेली, आणि कोणाचे दुखणे मोजायचे राहून गेले? या एका कायद्याचा इतिहास मी तपासतो आहे तो यासाठी. अमेरिकेतील पक्षीय भांडणाची हकिगत सांगणे एवढाच माझा हेतू नाही.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत आरोग्यविमा बव्हंशी नोकरीला बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने वेतनवाढीवर बंधने घातली. तेव्हा कामगार टिकवण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला. पुढे त्या रकमेवर करसवलत मिळाली आणि ती रीतच पडली. चांगली नोकरी असेल तर चांगला विमा. नोकरी गेली की विमा गेला. हॉटेलात भांडी घासणारा, शेतात राबणारा, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करणारी बाई, यांना मालकाकडून विमा मिळण्याची शक्यता कमीच. स्वतःच्या पैशाने घ्यायला जावे तर विमा कंपनी आधीचा आजार दाखवून नाकारणार. ज्याला विम्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच तो मिळू नये, अशी ही रचना होती. २०१० च्या आगेमागे साडेचार कोटींहून अधिक माणसे विम्याबाहेर होती.

पण याची दुसरी बाजू अशी की, सहा माणसांपैकी पाचांजवळ कोणता ना कोणता विमा होता. त्यांना भीती होती ती आपल्या हातातले जाईल याची. जनमत चाचणी या सहाही जणांना विचारते आणि बेरीज करते. पाचांची भीती आणि एकाची निकड यांची बेरीज केली तर भीतीच जिंकणार, हे उघड आहे. या बेरजेलाच ‘लोकमत’ असे भारदस्त नाव मिळाले.

ही बहिष्कृतांची वस्ती एका दिवसात वसलेली नव्हती. १९३५ साली रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. वगळण्याच्या हेतूबद्दल इतिहासकारांत वाद आहे, परिणामाबद्दल नाही. त्या काळी बहुसंख्य कृष्णवर्णीय कष्टकरी याच दोन कामांत होते. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कोठेही न लिहिता काळा माणूस बाहेर ठेवता आला. जातीचे नाव न घेता जात पाळण्याची ही हातोटी आपल्याला परकी नाही.

१९४५ च्या नोव्हेंबरात ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना संसदेपुढे मांडली. डॉक्टरांच्या प्रबळ संघटनेने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, तिच्याविरुद्ध प्रचाराची आघाडी उघडली आणि तिला समाजवादाचा शिक्का मारला. योजना बारगळली. याच संघटनेच्या अनेक स्थानिक शाखा कृष्णवर्णीय डॉक्टरांना सभासद करून घेत नसत; त्याबद्दल संघटनेने २००८ साली माफी मागितली. कृष्णवर्णीय डॉक्टरांना १८९५ सालीच आपली वेगळी नॅशनल मेडिकल असोसिएशन उभारावी लागली होती. वृद्धांच्या सरकारी विम्याला मोठ्या संघटनेने विरोध केला तेव्हा या बहिष्कृत संघटनेने पाठिंबा दिला. देशातील ‘डॉक्टरांचे मत’ म्हणून जे सांगितले जात होते, त्यात या डॉक्टरांचे मत धरलेलेच नव्हते!

१९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने दवाखाने बांधायला सरकारी पैसा दिला. पण गोऱ्यांची आणि काळ्यांची सोय ‘वेगळी परंतु समान’ असली तरी चालेल, अशी मुभाही दिली. या मुभेला नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावचे कृष्णवर्णीय दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी न्यायालयात भिडले. १९६३ साली अपील न्यायालयाने ती मुभा घटनाबाह्य ठरवली. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. जेथे सरकारी पैसा तेथे वंशभेद चालणार नाही, हे तत्त्व आले. आणि १ जुलै १९६६ पासून ‘मेडिकेअर’ हा वृद्धांचा विमा प्रत्यक्षात सुरू झाला, तेव्हा या तत्त्वाला दात फुटले. वंशभेद पाळणाऱ्या दवाखान्याला मेडिकेअरचा पैसा नाही, असे सरकारने बजावले. दक्षिणेतील अनेक दवाखान्यांनी काही महिन्यांत वेगळे वॉर्ड मोडले. वर्षानुवर्षांच्या विनवण्यांनी जे झाले नव्हते, ते पैशाची नाडी आवळताच झाले. कायदा मन बदलत नाही, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. नसेल बदलत, पण दवाखान्याचे दार उघडते, आणि रोग्याला आधी दारच हवे असते.

१९६५ चा तो मेडिकेअरचा कायदा झाला तेव्हा प्रतिनिधिगृहात ७० रिपब्लिकन सदस्यांनी बाजूने मत दिले होते. २०१० साली एकानेही दिले नाही. मधल्या ४५ वर्षांत काय घडले? नागरी हक्कांच्या कायद्यांनंतर दक्षिणेतील गोरा मतदार डेमोक्रॅटिक पक्ष सोडून हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे गेला. पूर्वी दोन्ही पक्षांत उदारमतवादी होते, दोन्हींत सनातनी होते. आता माणसे पक्षनिहाय वेगळी झाली, आणि वंशाची रेषा पक्षाच्या रेषेजवळ येऊन बसली. पक्षीय कडवटपणा हा केवळ पुढाऱ्यांच्या स्वभावाचा दोष नव्हे; समाजातील जुनी फूट त्याच्या मुळाशी आहे.

२००९ मधील वाद या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. विशेष म्हणजे ओबामांची योजना क्रांतिकारक नव्हतीच. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे ही कल्पना १९८९ साली हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेने मांडली होती. २००६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती राबवलीही होती. खाजगी कंपन्या कायम राहणार होत्या. त्यांच्याशी स्पर्धा करील असा सरकारी विमा विधेयकात होता, तोही सिनेटमध्ये साठ मते जमवण्यासाठी काढून टाकण्यात आला. एवढे नमते घेऊनही विरोधकांचे एक मत मिळाले ते फक्त नोव्हेंबर २००९ मध्ये, प्रतिनिधिगृहाच्या पहिल्या मतदानात. लुइझियानाचे जोसेफ काओ यांचे. मार्चमध्ये तेही गेले.

विरोधकांचे सारेच म्हणणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. खर्च किती वाढेल, विमा सक्तीने घ्यायला लावण्याचा केंद्राला अधिकार आहे काय, एवढा प्रचंड मसुदा घाईने का रेटता, हे प्रश्न रास्त होते आणि त्यांना उत्तरे देणे भागच होते. शिवाय चाचण्यांतील नापसंतीत असेही लोक होते, ज्यांना हा कायदा अपुरा वाटत होता. त्यांचीही गणना ‘कायदा नको’ म्हणणाऱ्यांत झाली. परंतु या रास्त प्रश्नांबरोबर दुसरेही काही आले. वृद्धांनी जगावे की मरावे हे ठरवणारी सरकारी मंडळे बसणार, ही निखालस खोटी आवई सारा पेलिन यांच्यासारख्या नेत्यांनी उठवली. मायकेल टेस्लर या अभ्यासकाने दाखवून दिले आहे की, योजना ओबामांची म्हणून सांगितली की गोऱ्यांच्या मतांवर त्यांच्या वंशविषयक भावनांची छाया अधिक गडद पडत असे. मत योजनेविषयी विचारले जात होते. उत्तर मात्र बऱ्याच अंशी माणसाविषयी येत होते.

ऑगस्ट २००९ मध्ये या सुधारणेसाठी आयुष्यभर झटलेले सिनेटर एडवर्ड केनेडी वारले. जानेवारी २०१० मध्ये त्यांची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी जिंकली, आणि सिनेटमधील साठावे मत गेले. आता माघार घ्या, असा सल्ला सत्ताधारी पक्षातूनही येऊ लागला. सभापती नॅन्सी पलोसी मागे हटल्या नाहीत. सिनेटने डिसेंबरात संमत केलेला मसुदाच प्रतिनिधिगृहाने स्वीकारला आणि दुरुस्त्या वेगळ्या अर्थविधेयकाने केल्या. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. व्हर्जिनियाचे टॉम पेरिएलो २००८ साली अवघ्या ७२७ मतांनी निवडून आले होते. आपली जागा धोक्यात आहे हे दिसत असताना त्यांनी बाजूने मत दिले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ते पडले. त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील ६३ जागा गमावल्या.

येथे मला १९५१ साल आठवते. हिंदू कोड बिलही ‘लोकांना नको’ होते. निवडणूक तोंडावर होती, सरकारने बिल गुंडाळले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे ते बिल तुकड्या-तुकड्यांनी १९५५-५६ मध्ये संमत झाले. घटनात्मक नीती ही निसर्गतः येत नाही, ती जोपासावी लागते, असे बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले होते. बहुमताच्या क्षणिक आवडीनिवडीहून अल्पसंख्य दुर्बलाचा हक्क वरचा मानणे, हा त्या नीतीचा गाभा आहे, असे मी समजतो.

तरीही या कायद्याचा जयजयकार करून मला थांबता येत नाही. त्यात अत्यंत गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेचा विस्तार होता: दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना विमा. त्याहून वरच्यांना खाजगी विम्यासाठी अनुदान. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पण मेडिकेडचा विस्तार करायचा की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडले. अनेक राज्यांनी नकार दिला. पुढे काही राज्ये आली. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी यांसह दहा राज्ये मात्र बाहेरच राहिली. आणि मग विपरीत घडले. अनुदानाची रेषा दारिद्र्यरेषेपासून सुरू होते. कारण तिच्याखालच्यांना मेडिकेड मिळेलच, असे मसुदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. त्यामुळे या राज्यांतील बहुतेकांत थोड्या कमी गरिबाला अनुदान मिळते आणि त्याहून गरिबाला काहीच नाही. या फटीत सापडलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे. ज्याच्या नावाने कायदा झाला, त्याच्याच उंबरठ्यावर तो अडला. १९३५ साली शब्द न लिहिता माणूस वगळला. २०१२ नंतर राज्याच्या अधिकाराच्या नावाने वगळला. वाट जुनीच.

लोकमताचे पुढे काय झाले? २०१६ पर्यंत बिनविम्याची माणसे तीन कोटींच्या खाली आली. २०१७ मध्ये कायदा रद्द करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा माणसे तो वाचवण्यासाठी रस्त्यावर आली. २८ जुलैला सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४९ मतांनी तो प्रयत्न फसला. त्याच वर्षापासून कायद्याला अनुकूल मत वरचढ झाले. कायद्याचा गाभा तोच होता. आता मात्र गमावण्यासारखे काही असलेली नवी माणसे तयार झाली होती. लोकमत कायद्याच्या आधी येते तसे नंतरही येते.

परंतु ‘लोकांना नको’ हे कारण नाकारले, म्हणजे लोकांना नको ते सारे चांगले असे नव्हे. ४ जुलै २०२५ रोजी मेडिकेडमध्ये मोठी कपात करणारा कायदा अमेरिकेत झाला. तोही चाचण्यांत नावडता होता, तोही एकाच पक्षाच्या मतांवर, सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने संमत झाला. रीत तीच, दिशा उलटी. तेव्हा लोकप्रियता ही कसोटी नव्हेच. सर्वांत खालच्या माणसाच्या हाती काय पडते आणि त्याच्या हातून काय निसटते, ही कसोटी आहे.

आपल्या कार्यकर्त्यांना हा इतिहास उपयोगी पडावा. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून नाव घेतले. त्या ब्लॅक पँथरांनी वस्त्यांतून मोफत दवाखाने चालवले, कृष्णवर्णीयांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या तपासण्या केल्या. आपल्या पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यातही औषधोपचाराच्या सोयींची मागणी होती. नाव आणि आवेश आपल्या स्मरणात राहिला. दवाखाना मागे पडला, असे मला वाटते. आरोग्याचा कोणताही कायदा वा योजना पुढे येईल तेव्हा आपण तीन गोष्टी विचाराव्यात. मत कोणाचे मोजले? तडजोड झाली ती कोणाच्या वाट्यातून? आणि अंमलबजावणीची किल्ली कोणाच्या हाती दिली? कायदा संमत झाला त्या रात्री जल्लोष जरूर करावा. पण तो किल्लीवाला उद्या सकाळी दार उघडतो की नाही, हे पाहायला आपलाच माणूस दारात उभा असला पाहिजे.