तांबड्या तंबूतील विद्युत्घट



बिनतारीच्या इतिहासावर बोलायचे ठरले की वक्ता मार्कोनीपासून आरंभ करतो, जगदीशचंद्र बसूंवर झालेल्या अन्यायाबद्दल चार शब्द बोलतो आणि मग आकाशवाणीकडे वळतो. आज मी त्या राजमार्गाने जाणार नाही. त्याला कारण एका मुलाचा प्रश्न. आमच्या शेजारचा एक कॉलेजकुमार सध्या हौशी बिनतारीवाल्याचा, म्हणजे ज्याला लोक ‘हॅम’ म्हणतात त्याचा, परवाना मिळवण्याच्या खटपटीत आहे. परवा तो घरी आला आणि म्हणाला, “आजोबा, यंत्र कोणते घ्यायचे ते ठरले. आता बॅटरी कोणती घेऊ ते सांगा.” मी म्हटले, “बाळ, प्रश्न तू उलट्या टोकाने धरला आहेस.” तो उलटा का, हे समजावून सांगता सांगता मी १९२८ सालच्या एका हकीकतीपर्यंत पोहोचलो. तीच हकीकत आज थोड्या विस्ताराने आपल्यापुढे मांडतो.

परंतु आधी घरातली गोष्ट. माझे बालपण वीज न पोहोचलेल्या एका गावात गेले. आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि तो चालवणे हा एक कुळाचारच होता म्हणा ना! तेजाबाची जड बॅटरी दर पंधरवड्याने सायकलच्या कॅरिअरला बांधून तालुक्याच्या गावी भरायला न्यायची. परत येईतो धोतराला एखादे तरी भोक पडलेले असायचे, आणि ते पडले कसे यावर आईचे व वडिलांचे एकमत कधी झाले नाही. दुसरी बॅटरी विटेएवढी, कोरडी. ती संपली की फेकून द्यायची आणि नवी आणायची. त्यामुळे बातम्या संपल्या की वडील कळ फिरवीत. गाणे ऐन रंगात आले असले तरी त्यांचा हात थांबत नसे.

त्या काळच्या यंत्राला दोन, बहुधा तीन निरनिराळ्या बॅटऱ्या का लागत, हे आजच्या तरुणांना कोडेच वाटते. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचेच्या नळीत तापवलेली एक तार. ती तार तापवायला दाब थोडा लागे, प्रवाह मात्र पुष्कळ. हे काम शिशाच्या तेजाबी बॅटरीचे. तारेतून उडणारे विद्युत्कण पलीकडच्या पत्र्याकडे ओढायला उलट प्रवाह नाममात्र, पण दाब मोठा, पंचेचाळीस, नव्वद, कधी त्याहून अधिक व्होल्ट. एका कोरड्या घटाचा दाब दीड व्होल्ट. म्हणून पंधरा घट एका खोक्यात ओळीने जोडून साडेबावीस व्होल्टचा एक ठोकळा करीत आणि असे ठोकळे एकापुढे एक जोडीत. तिसरी बॅटरी अगदी लहान. व्हॉल्व्हच्या जाळीला योग्य दाबावर धरून ठेवण्यापुरती. अमेरिकेत या तिघींना ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशी नावे पडली.

आता या हिशेबात एक गंमत आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यूव्ही-२०१ नावाच्या व्हॉल्व्हची तार एक अँपिअर प्रवाह खाई. म्हणजे चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी एका व्हॉल्व्हला चाळीस तास पुरे, आणि पाच व्हॉल्व्हच्या यंत्रात आठच तासांत रिकामी होई. दोन-तीन वर्षांत तारेत थोरियम मिसळण्याची युक्ती निघाली आणि तेच काम पाव अँपिअरात होऊ लागले. मग आला यूव्ही-१९९. त्याला अँपिअरचे शंभरात सहा भाग पुरत, आणि तेजाबाची बॅटरी बाजूला ठेवून तीन कोरड्या घटांवर तो चाले. बॅटरी तीच होती, तिच्यात काहीच सुधारणा झाली नव्हती. सुधारला तो तिच्यावर जगणारा. १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबातील हौशी मंडळींनी ध्वनिक्षेपण सुरू केले, तेव्हा ते ऐकणाऱ्यांनाही हेच गणित मांडावे लागत असणार.

याच वर्षांत हौशी लोकांनी दुसरी एक गोष्ट सिद्ध केली. १९१२ सालच्या अमेरिकन कायद्याने त्यांना दोनशे मीटरांच्या खालच्या लहरींत ढकलून दिले होते, कारण त्या लहरी निरुपयोगी असे तज्ज्ञांचे मत होते. गावकुसाबाहेरची ती पडीक जमीन या मंडळींनी कसली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेआँ दलुआ आणि अमेरिकेतील श्नेल व राइनार्ट्झ यांनी अटलांटिकच्या आरपार एकमेकांशी संवाद केला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यूझीलंडचा फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला विद्यार्थी सेसिल गॉयडर यांची बिनतारी भेट झाली. लहरी आखूड असतील तर थोडक्या शक्तीतही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हाक पोहोचते, हे आता उघड झाले. आणि थोडकी शक्ती म्हणजे लहान बॅटरी, जी माणसाला हातात उचलून नेता येते.

आता मूळ हकीकतीकडे येतो. जनरल उंबेर्तो नोबिले यांचे ‘इटालिया’ हे विमाननौकेसारखे वायुजहाज २३ मे १९२८ रोजी स्पिट्सबर्गेन बेटावरील किंग्ज बे येथून निघाले आणि मध्यरात्र उलटल्यावर उत्तर ध्रुवावर पोहोचले. परतीच्या वाटेवर २५ मे रोजी ते बर्फावर आदळले. सोळा माणसांपैकी दहाजण बर्फावर फेकले गेले. भार हलका झालेले वायुजहाज उरलेल्या सहांना घेऊन पुन्हा वर उठले आणि धुक्यात नाहीसे झाले. त्या सहांचा पत्ता पुढे कधीच लागला नाही. दहांपैकी एकजण तेथेच मेला. नोबिले यांचा हात आणि पाय मोडला होता, चेचिओनी नावाच्या यांत्रिकाचाही पाय मोडला होता. बर्फावर विखुरलेल्या सामानात एक लहान तंबू मिळाला. त्यावर उंची मोजण्यासाठी आणलेल्या तांबड्या रंगाचे पट्टे ओढले, म्हणून जगाच्या स्मरणात तो ‘तांबडा तंबू’ म्हणून राहिला.

आणि आणखी एक वस्तू मिळाली. ध्रुवावर कोणी उतरलेच तर त्यांच्यासाठी म्हणून एक छोटे आखूड लहरींचे प्रेषक यंत्र बरोबर घेतले होते. त्याचे नाव ‘ओंदिना ३३’. मोठे यंत्र कामातून गेले होते. हे पोर मात्र वाचले. तारायंत्रज्ञ जुझेप्पे ब्याजी याने मोडक्या सांगाड्याच्या नळ्यांचा खांब उभारला, तार ताणली आणि संकटसंदेश पाठवू लागला. यंत्राबरोबरचे घट तेवढे शाबूत होते. ते पुन्हा भरण्याचे कोणतेही साधन त्या बर्फावर नव्हते, म्हणून ते नेमून दिलेल्या वेळीच वापरायचे असे ठरले. डबाबंद अन्नाइतकाच हाही एक शिधा होता, आणि अन्नासाठी निदान एक अस्वल तरी चालून आले. घटांसाठी तसे काही येणार नव्हते.

थंडीचा विचारही येथे केला पाहिजे. विद्युत्घट म्हणजे शेवटी रासायनिक क्रिया, आणि रसायने गारठली की मंदावतात. शिशाच्या बॅटरीत आणखी एक धोका असतो. ती भरलेली असताना तिच्यातले तेजाब कडक थंडीतही गोठत नाही. पण जसजशी ती रिकामी होते तसतसे ते पाणचट होत जाते आणि शून्याच्या थोडे खाली गेल्याबरोबर त्याचा बर्फ होऊन डबाच फुटू शकतो. म्हणजे गरिबाला दारिद्र्य आणि वर आजार, अशातली ही गत!

‘चित्ता दि मिलानो’ हे मोहिमेचे पाठीराखे जहाज किंग्ज बे येथेच उभे होते. त्याला या हाका ऐकू आल्या नाहीत. त्याची दोन कारणे सांगतात. एक म्हणजे जहाजावरचे यंत्र वृत्तपत्रांच्या आणि खाजगी तारांतच गुंतलेले असे. नोबिले यांनी पुढे याविषयी कडवटपणे लिहिले, आणि ते मला अनाठायी वाटत नाही. दुसरे कारण निसर्गाचे. आखूड लहरी वर जाऊन आकाशातल्या विद्युन्मय थरावरून परततात आणि दूर कोठे तरी उतरतात. मधला पट्टा कोरडाच राहतो. शेजाऱ्याला हाक ऐकू येऊ नये आणि तीन गावे पलीकडच्याने ती ऐकावी, असा हा प्रकार.

आणि झालेही तसेच. ३ जूनच्या संध्याकाळी उत्तर रशियातील वोझ्नेसेन्ये-वोख्मा या खेड्यात निकोलाय श्मिट नावाच्या बाविशीच्या आसपासच्या तरुणाने तो संकटसंदेश पकडला. त्याच्यापाशी स्वतः बांधलेले एका व्हॉल्व्हचे यंत्र होते. अंतर सुमारे एकोणीसशे किलोमीटर. एक व्हॉल्व्ह म्हणजे तापवायला एकच तार. खेड्यातल्या हौशी माणसाला रात्रीमागून रात्री कानाला फोन लावून बसणे परवडते ते त्यामुळेच. पाच व्हॉल्व्हचे भपकेदार यंत्र त्याने बांधले असते तर ३ जूनपर्यंत त्याची बॅटरी टिकली असती का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तो निव्वळ तर्क आहे. आपण तो तर्क म्हणूनच घ्यावा.

६ जूनच्या रात्री तांबड्या तंबूत ब्याजी रोमच्या सान पाओलो केंद्राच्या बातम्या ऐकत होता. त्यातच त्याला कळले की आपली हाक एका रशियन तरुणाने ऐकली आहे. त्यानंतर जहाजाशीही संपर्क जुळला. मग बर्फावरून मागण्या जाऊ लागल्या, आणि त्यांत अन्न, औषधे व पादत्राणे यांच्या जोडीने विद्युत्घट होते. पुढचा भाग सर्वश्रुत आहे म्हणून तो भरभर सांगतो. नोबिलेंशी वितुष्ट आलेले असूनही रोआल्ड आमुन्सेन त्यांच्या शोधार्थ १८ जूनला विमानाने निघाले आणि सहकाऱ्यांसह कायमचे बेपत्ता झाले. स्वीडिश वैमानिक लुंडबोर्ग याने नोबिलेंना आधी नेले. तोच दुसऱ्या खेपेस विमान उलटून तंबूत अडकला. पायी निघालेल्या तिघांपैकी मालमग्रेन वाटेतच राहिला. शेवटी १२ जुलैला ‘क्रासिन’ या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाने उरलेल्यांना सोडवले. एकंदर आठजण वाचले.

श्मिटचे नाव जगभर झाले. पुढे मात्र १९४२ साली ताश्कंद येथे त्याच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवून त्याला गोळी घालण्यात आली, आणि १९८४ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, तो निर्दोष ठरला. हे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ बॅटरीचे नाव काढीना.

हौशी मंडळींनी या प्रश्नाची तालीम पुढे नेमाने सुरू ठेवली. जून १९३३ मध्ये अमेरिकेत ‘फील्ड डे’ सुरू झाला. घरची वीज सोडून मैदानात जायचे आणि तेथून जगाशी बोलायचे. त्याच्या गुणपद्धतीत पाच वॉट किंवा त्याहून कमी शक्तीवर, बॅटरीसारख्या साधनाने काम करणाऱ्याला सर्वांत मोठा गुणक मिळतो. आपल्याकडे १९९९ सालच्या ओरिसाच्या महावादळात आणि २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात तारा तुटल्या, दूरध्वनी मुके झाले, तेव्हा हौशी बिनतारीवालेच निरोप पोहोचवीत होते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची तुकडी भारती प्रसाद यांच्यासह पोर्ट ब्लेअरला छंद म्हणून गेली होती. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्या छंदाचे एका दिवसात आपत्कालीन केंद्र झाले.

आता त्या मुलाचा प्रश्न. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि कालांतराने तापवायची तारच गेली. तीन बॅटऱ्यांच्या जागी बारा-तेरा व्होल्टची एकच उरली. त्याने निवडलेले यंत्र शंभर वॉटचे. बोलताना ते वीस अँपिअर घेते, नुसते ऐकताना एक. तासातली दहा मिनिटे बोलला आणि पन्नास मिनिटे ऐकत राहिला तर तासाला सव्वाचार अँपिअर-तास गेले समजा. चाळीस अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी आयुष्य टिकवायचे तर निम्मीच उपसावी. म्हणजे पाच तास, संपले. दहा वॉटचे यंत्र बोलताना तीन आणि ऐकताना अर्धा अँपिअर घेते असे धरा. तीच निम्मी बॅटरी त्याला वीस तासांहून अधिक पुरते. आणि शक्ती दहापट घटली म्हणून पलीकडच्याच्या मोजपट्टीवर हाक किती उतरते? जेमतेम पावणेदोन अंश. म्हणून मी म्हटले प्रश्न उलटा आहे. किती तास बोलायचे आणि सामान किती अंतर वाहून न्यायचे हे आधी ठरव, मग यंत्र, आणि बॅटरी सर्वांत शेवटी.

घरच्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी स्वस्तात मिळते आहे, हा त्याचा दुसरा मुद्दा. घरी ठेवायची असेल तर खुशाल घ्यावी. तिच्यासारखी सोशिक दुसरी नाही. डोंगरावर न्यायची तर लोह-फॉस्फेटाची लिथियम बॅटरी घ्यावी. तिचे चार घट मिळून पावणेतेरा व्होल्ट होतात, ती जवळजवळ पुरती उपसता येते आणि वजन निम्म्याहून कमी. मात्र शून्याखालच्या थंडीत ती भरू नये, बिघडते. सह्याद्रीत ती अडचण फारशी येणार नाही.

त्याने शेवटी दहा वॉटचे यंत्र घ्यायचे ठरवले. बॅटरीचा निकाल मात्र अजून लागलेला नाही, कारण स्वस्ताईचा मोह सुटत नाही. परवाना हाती आला की पहिली हाक सिंहगडावरून द्यायची असा त्याचा बेत आहे. मीही बरोबर जाणार आहे. बॅटरी कोणतीही असो, ती त्याने उचलायची असे आमच्यात ठरले आहे.