येथील कुशल

जुन्या मराठी पत्रात मायना संपला की एक ठरलेलं वाक्य यायचं: येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. त्यापुढे ‘विशेष’. आणि ‘विशेष’च्या पुढे खरं पत्र, म्हणजे थकलेलं कर्ज, न हटणारा ताप, भावकीतलं भांडण, माहेरी आलेली लेक. आधी ‘कुशल’ सांगायचं, मग काय कुशल नाही ते सांगायचं. माणसाच्या मनाचं बरं-वाईट विचारण्याची आपली सर्वांत जुनी लेखी रीत मला तरी हीच सापडते, आणि आजच्या प्रश्नावल्यांनी तिच्याकडून बरंच शिकावं असं वाटतं.

शब्दांपासून सुरुवात करू. ‘क्षेम’ संस्कृतातला: जे आहे ते टिकणं, राखलं जाणं. ‘खुशाली’ फारसीतून आली. खुश-हाल, म्हणजे चांगली अवस्था. ‘हाल’ म्हणजे मुळात नुसती अवस्था. पण मराठीत तो एकटा उरला की दुःखच होतो. हाल झाले, हाल काढले. आणि खुशाली विचारायची ती एकट्याची कधीच नव्हती. घरची मंडळी, मुलंबाळं, गुरंढोरं, पाऊसपाणी, सगळं त्या एका शब्दात यायचं. ज्याच्या गोठ्यातली गाय आजारी, तो स्वतः ठणठणीत असला तरी खुशाल नसतो.

पत्रांतून खुशालीसारखाच शोकही यायचा. नाशिकजवळच्या गंगापूरला नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी उत्तरायुष्य काढलं. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत विश्वासराव गेला, जूनमध्ये नानासाहेब गेले. १७७२ मध्ये माधवराव क्षयाने गेला, पुढच्याच वर्षी नारायणरावाचा खून झाला. नवरा आणि तीन तरणे मुलगे गमावलेली ही बाई १७८८ पर्यंत जगली आणि नातू सवाई माधवरावाला दिवसभर कसं वागावं याची शिकवण लिहून पाठवत राहिली. पानिपतची बातमी नानासाहेबांना कळली ती सावकारी पत्रातून. माणसं किती गेली ते त्यात मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेत लिहिलं होतं. गळालेल्या दोन मोत्यांतला एक गोपिकाबाईंचा मुलगा. एवढ्या मोठ्या शोकाची मोजदाद करायला आपल्या माणसांनी हिशेबाची वही उघडली, हे मला विलक्षण वाटतं. मोजणं आपल्याला परकं नव्हतं, फक्त मापं आपली होती.

१८७९ साली पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा. लांबलचक मायना त्यावर मावेना, पण ‘येथील सर्व क्षेम’ मात्र मावत राहिलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही कार्ड कळायचं: कडेला हळदकुंकू म्हणजे लग्न, फाटलेला कोपरा म्हणजे कुणीतरी गेलं. ते कार्ड वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. पुढे १९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी प्रतिभूती मुद्रणालय उभं राहिलं. तिथली तिकिटं आणि टपालाचे कागद देशभर गेले. खुशालीचा कागद नाशिककरांच्या हातून निघत होता.

पुढे त्याच शतकात दुसरीकडे मनासाठी वेगळे कागद तयार होत होते. १९६५ मध्ये हॅडली कँट्रिल या अमेरिकी संशोधकाने एक शिडी मांडली, शून्यापासून दहापर्यंतच्या पायऱ्यांची. तिच्यासाठी भारतातही लोकांना विचारलं गेलं होतं. मूळ पद्धत फार शहाणी होती. आधी माणसाने सांगायचं की त्याच्या मते उत्तम आयुष्य कसं असतं आणि वाईटात वाईट कसं. मगच आपण कोणत्या पायरीवर आहोत ते दाखवायचं. आज जागतिक आनंद अहवालासाठी ही शिडी वापरतात, पण सुरुवातीची ती गोष्ट सांगायला लावत नाहीत. आकडा तेवढा घेतात. म्हणजे ‘विशेष’ गळालं, ‘कुशल’ राहिलं. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा आहे. त्या आकड्याने लाजायचं की नाही हे ठरवण्याआधी, त्या पायऱ्यांना आपण काय समजतो हे विचारायला हवं.

मनाचं दुखणं मनाच्याच शब्दांत येईल, अशी अपेक्षा धरली की फसगत होते. उत्तर गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. जंतुसंसर्गापेक्षा या तक्रारीचा संबंध मनाच्या ताणाशी आणि घरातल्या छळाशी अधिक निघाला. डॉक्टर गोळ्या देत होते आणि बाई दुसरंच काही सांगत होती. आपल्याकडे हे शब्द ढिगाने आहेत: हातपाय गळतात, जीव घाबरतो, छाती भरून येते, डोकं जड होतं. यातल्या एकातही ‘उदास’ नाही.

आता नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या पाड्यांवर या. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा आरोग्याचा फॉर्म भरतात. तंबाखू, कंबरेचा घेर, खोकला, आणि शेवटाकडे मनाबद्दल दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि निराश वाटलं असं किती वेळा. उत्तराला शून्य ते तीन गुण. हे दोन प्रश्न डॉ. रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९९ च्या सुमारास केलेल्या नऊ प्रश्नांतले पहिले दोन. प्रश्न चांगले आहेत, त्यांनी जीव वाचू शकतात. पण भात लावणीत कमरेत वाकलेल्या बाईला ‘कामात आनंद वाटतो का’ विचारलं तर ती काय म्हणेल? ‘बरं हाय.’ सासू शेजारी बसलेली असते. शून्य गुण.

ते ‘बरं हाय’ म्हणजे ‘येथील कुशल’ आहे. ते उत्तर नाही, ‘विशेष’च्या आधीचं ठरलेलं वाक्य आहे.

माझं म्हणणं असं, की त्या फॉर्मातला पहिला प्रश्न मराठीत मनापासून विचारायचा तर ‘करमतं का?’ असा विचारून पाहायला हवा. करमणं म्हणजे मन लागणं, जागेशी, माणसांशी, कामाशी जीव जुळणं, सगळं एका क्रियापदात आहे. नव्या सुनेला, शहरात आणून ठेवलेल्या म्हाताऱ्याला, होस्टेलवरच्या पोराला आपण शतकानुशतकं हेच विचारत आलो. त्यावर गुण कसे द्यायचे, ते अभ्यास करून ठरवावं लागेल; त्यासाठीच तर नाशिकमध्ये आरोग्य विज्ञानाचं विद्यापीठ १९९८ पासून आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी हा एक शब्द घेऊन पाड्यांवर जावं, सासूला पाण्याला पाठवून सुनेशी चार घटका बसावं.

तोवर तुमच्या घरात कुणी ‘बरं आहे’ म्हटलं, तर लगेच उठू नका. ‘विशेष’ यायला वेळ लागतो. आणि ते ऐकून तुम्हालाच सुचेनासं झालं, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीत बोलता येतं.