राजवायू : गुणधर्म आणि खानदेशातील उपयोग

राजवायू : आवर्तसारणीच्या गण १८ मधील हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन व रेडॉन ही वायुरूप मूलद्रव्ये. त्यांना निष्क्रिय वायू असेही म्हणतात. ते रंगहीन व गंधहीन असून त्यांचे रेणू एकाच अणूचे असतात. बाह्यतम कवच इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले (हेलियममध्ये द्विक, इतरांत अष्टक) असल्याने इतर मूलद्रव्यांशी त्यांची सहसा अभिक्रिया होत नाही. व्यवहारातील त्यांचे बहुतेक मोल या अलिप्ततेतच आहे.

शोध : १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलज्ञ झान्सेन यांनी गुंटूर येथून सौरज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. हेलियमच्या शोधाची कथा येथून सुरू होते. रॅले व रॅम्झी यांनी १८९४ मध्ये हवेतून आर्गॉन वेगळा केला. १८९८ मध्ये रॅम्झी व ट्रॅव्हर्स यांना क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन सापडले. झेनॉनचे पहिले संयुग नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये तयार केले.

आढळ व निर्मिती : हवेत आर्गॉन सुमारे ०.९३ टक्के असतो. निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन अत्यल्प. द्रवरूप हवेच्या भागशः ऊर्ध्वपातनाने ते मिळवतात. आर्गॉनचा उत्कलनबिंदू –१८६° से., तर ऑक्सिजनचा –१८३° से. असल्याने हे दोन वायू वेगळे करणे कष्टाचे असते. हेलियम मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळतो. रेडॉन किरणोत्सारी आहे.

खानदेशातील उपयोग : जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत सर्वांत ओळखीचा राजवायू आर्गॉन होय; कारागीर त्याला ‘आर्गन’ म्हणतात. दुधाच्या टाक्या व स्टेनलेस स्टीलचे पाइप वेल्डिंगने जोडताना टंगस्टन इलेक्ट्रोडच्या टोकाभोवती टॉर्चमधून आर्गॉनचा झोत सोडतात. तापलेल्या धातूला हवेतील ऑक्सिजन लागत नाही आणि टाका उजळ बसतो. पाइपच्या आतही आर्गॉन भरतात, नाहीतर टाक्याची आतली बाजू जळून खरबरीत होते व तिथे दूध साचून राहते. हा झोत वाऱ्याने सहज उडतो. म्हणून मे महिन्यात पारा ४५° से.च्या घरात असतानाही वेल्डर पंखा बंद करून काम करतो. वायू कमी पडला की टंगस्टनचे टोक काळे पडते, ही त्याची रोजची खूण. भुसावळजवळील दीपनगरसारख्या औष्णिक वीज केंद्रांत बॉयलरच्या नळ्यांच्या सांध्याचा पहिला थरही याच पद्धतीने भरला जातो.

सराफी कारागिरीतील लेझर सोल्डरिंग यंत्रात झेनॉनचा दिवा प्रखर चमक देतो व तिच्यातून लेझर किरण मिळतो. दागिन्यातील तांबे काळे पडू नये म्हणून सांध्यावर आर्गॉन सोडता येतो. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. सौर पॅनेलसाठी लागणारे सिलिकॉनचे स्फटिक आर्गॉनच्या वातावरणात वाढवतात. रुग्णालयांतील एमआरआय यंत्राचे अतिसंवाहक चुंबक थंड ठेवण्यासाठी –२६९° से. तापमानाचा द्रव हेलियम लागतो. ट्यूबलाइटमध्ये आर्गॉन, तर लाल झळकत्या पाट्यांत निऑन असतो.

दक्षता : आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असल्याने टाकीच्या वा खड्ड्याच्या तळाशी साचून प्राणवायू हटवतो. त्याला वास नसल्याने गुदमरण्याआधी सूचना मिळत नाही. म्हणून टाकीत उतरण्यापूर्वी आत ताजी हवा खेळवावी, ऑक्सिजन मोजावा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवावा. सिलिंडरचे तापमान १५° वरून ४५° से. झाल्यास आतील दाब सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. खानदेशी उन्हाळ्यात सिलिंडर सावलीत, साखळीने बांधून उभाच ठेवावा. जत्रेतील फुग्यांत हायड्रोजन असल्यास ठिणगीने भडका उडतो. हेलियम जळत नाही, त्यामुळे जास्त दाम देऊनही तोच वापरणे योग्य.