ओबडधोबड

प्राचीन इतिहासाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत अश्मयुगाच्या प्रकरणाला एक विशेषण ठरलेले असते, ते म्हणजे 'ओबडधोबड'. प्रस्तुत लेखकानेही वर्गात ते अनेक वर्षे निःशंकपणे उच्चारले. शिराळ्याच्या ओढ्याकाठी स्वतः दगड फोडू लागल्यावर मात्र ते तोंडातून सहज निघेनासे झाले.

आमचा मुलूख काळ्या पाषाणाचा. युरोपातल्या नवशिक्याला चकमकीचे गोळे आयते मिळतात. दख्खनच्या पठारावर तसे नाही. येथे आहे बेसॉल्ट, आणि त्याच्या पोकळ्यांत साकळलेली गारगोटी. नेवाशाजवळच्या चिरकी येथे गुद्रुन कॉर्विनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात केलेल्या उत्खननात हातकुऱ्हाडी व फरश्या मिळाल्या, त्या मुख्यतः बेसॉल्ट-डोलेराइटच्याच. हा दगड चिवट. माझा पहिला घाव परत मनगटात आला. दगडाला साधा ओरखडाही नव्हता.

चूक हत्यारांच्या निवडीत होती. मी लोखंडी हातोडा घेतला होता. त्याने दगड फुटतो, परंतु हवा तसा छिलका निघत नाही. धार जागीच चुरगळते. हवा असतो तो नदीतला मुठीत मावणारा, गुळगुळीत, चीर नसलेला गोटा. घाव कडेच्या किंचित आत घालायचा आणि वरची सपाटी व बाजूचा उतार यांमधला कोन काटकोनापेक्षा लहान असला पाहिजे. एवढे एक सूत्र अंगवळणी पडायला दोन महिने गेले. सरावाला बाटलीचे जाड बूड उत्तम. मात्र डोळ्यांवर चष्मा, मांडीवर जाड चामडे आणि उघडी हवा यांत तडजोड नको, कारण दगडाची धूळ फुप्फुसात बसते. बारीक कामासाठी परदेशी पुस्तके सांबरशिंग सुचवतात. आमच्या शेजारी २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेले चांदोली आहे. तेथे गळून पडलेले शिंग उचलणेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला मान्य नाही. तेव्हा लाकडी दांड्यात बसवलेला तांब्याचा खिळा, हाच पर्याय.

खरा धडा पुस्तकाबाहेर मिळाला. जात्याला टाकी लावणाऱ्या एका वृद्ध बाईंना माझी फजिती दाखवली. म्हणाल्या, "मास्तर, आधी दगूड वाजवून बगा. बद्द बोलला तर आत चीर हाय." त्यांचे तंत्र निराळे. टाकी दगडाचा कण कण उडवते, छिलका काढत नाही. पण दगडाची परीक्षा तीच. खणखणीत वाजणारे गोटे निवडू लागल्यापासून माझे निम्मे अपयश कमी झाले.

ह. धी. सांकलिया यांनी १९६४ साली अश्महत्यारांची तंत्रे, नावे आणि संभाव्य उपयोग यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. नावाआधी तंत्र, हा त्यांचा क्रम मला आता उमगतो. नेवासे, इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांकडे तांबे होते, पण तुटपुंजे. म्हणून रोजच्या कापण्या-चिरण्याला गारगोटीची पाती. त्यासाठी गाभ्याच्या एका कडेवर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने बारीक छिलके काढून नागमोडी कणा तयार करीत. पहिले पाते त्या कण्याच्या अनुरोधाने सुटे, आणि त्याने मागे ठेवलेल्या कडा पुढच्या पात्यांना वाट दाखवीत. म्हणजे पहिला घाव घालण्यापूर्वी दहावे पाते डोळ्यांपुढे हवे! माझ्याकडून अद्याप सलग तीन निघालेली नाहीत.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळतो. फोडलेला कचरा ओढ्यात टाकीत नाही. उद्या एखाद्या संशोधकाला तो सापडला, तर शिराळ्याच्या इतिहासात माझ्या चुका पुराश्मयुगीन म्हणून नोंदल्या जायच्या. छिलके परसात खड्डा करून पुरतो आणि तळाशी चालू सालाचे एक नाणे ठेवतो. गेल्या खेपेला पुरताना त्यांतला एक हातात घेऊन पाहिला. तो मात्र खरोखरच ओबडधोबड होता.