चंद्रपूर-गडचिरोलीतील मध्यम स्तरावरील वैद्यकीय मनुष्यबळ : प्रवेशाच्या वाटेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

वैद्यकीय सेवेच्या इतिहासात रुग्णालये, रोग आणि डॉक्टर यांचा विचार विपुल झाला आहे. परंतु या व्यवसायात प्रवेश कोणाला, कोणत्या वयात व कोणत्या शिक्षणानंतर मिळाला, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या बाबतीत हा प्रश्न मूलभूत स्वरूपाचा आहे. कारण येथे अडचण केवळ दवाखान्याच्या इमारतीची नसून दवाखान्यात टिकून राहणाऱ्या माणसाची आहे. अमेरिकेत 'फिजिशियन असिस्टंट' म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासणी व उपचार करणारा वैद्यक सहायक होय. तेथील काही महाविद्यालयांत पदवीच्या आरंभीच विद्यार्थ्याची या अभ्यासक्रमासाठी जागा निश्चित केली जाते. अशी लवकर उघडणारी वाट आपल्या भागात कधी होती काय, ती का बंद झाली आणि आज ती कशी असावी, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. मॅट्रिकनंतरची वाट आणि तिचा अंत :

ब्रिटिश काळात तत्कालीन चांदा जिल्हा मध्य प्रांतात मोडत असे. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा होईपर्यंत चंद्रपूरचाच भाग होता. या प्रांतात वैद्यकीय शिक्षणाची सोय १९१४ साली नागपूर येथे सुरू झालेल्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये होती. अशा स्कूलमधून मॅट्रिक झालेला विद्यार्थी सामान्यतः चार वर्षांत परवानाधारक वैद्यक, म्हणजे 'एल.एम.पी.', होत असे. पदवीधर डॉक्टर शहरांत एकवटले असताना छोट्या गावांची मदार बहुतांशी या परवानाधारकांवर होती.

१९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालानुसार देशातील ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टरांपैकी २९,८७० परवानाधारक, तर १७,६५४ पदवीधर होते. असे असूनही समितीने एकाच दर्जाचा 'मूलभूत डॉक्टर' असावा व परवानाधारकांचे शिक्षण बंद करावे, अशी शिफारस केली. काही सदस्यांनी त्यावर भिन्नमत नोंदविले. समितीची भूमिका निराधार नव्हती. गरिबांसाठी कमी दर्जाचा व श्रीमंतांसाठी उच्च दर्जाचा डॉक्टर ही विभागणी स्वतंत्र भारताला शोभणारी नव्हती. १९४७ मध्ये नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि परवान्याची जागा पदवीने घेतली. जुन्या परवानाधारकांसाठी संक्षिप्त एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाची शिडी ठेवण्यात आली, हे विशेष नमूद केले पाहिजे. मात्र नव्या पिढीसाठी खालचे दार बंद झाले आणि वरच्या दारापर्यंत पोहोचणे वनातील विद्यार्थ्याला दुष्प्राप्य होते.

२. गावातून निवड : आरोग्यदूतांचा प्रयोग :

पुढील काळात ही पोकळी काही अंशी स्वयंसेवी कार्याने भरून काढली. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेने १९८६ पासून गडचिरोलीत काम आरंभिले. प्रवेशाच्या दृष्टीने या संस्थेचा नवजात बालसेवेचा प्रयोग विशेष महत्त्वाचा ठरतो. ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. घरोघरी जाऊन बाळाचे वजन करणे, धोक्याची लक्षणे ओळखणे, जंतुदोष झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाली.

येथे निवडीचा निकष गुणपत्रिका नव्हता. बाई त्याच गावची, लोकांच्या विश्वासातील व शिकण्यास तयार असणे, हा होता. २०११ मध्ये केंद्र शासनाने हीच पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली. परंतु या प्रयोगाची एक मर्यादाही मान्य करावी लागेल. आरोग्यदूताचे कौशल्य सिद्ध झाले, पण त्या कौशल्यावरून नर्सिंग वा वैद्यकीय पदवीकडे नेणारी शैक्षणिक वाट आपल्या व्यवस्थेने निर्माण केली नाही.

३. शेजारचा धडा : छत्तीसगड :

गडचिरोलीच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडने २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता नसल्याने पदनामाचे वाद, विद्यार्थ्यांची आंदोलने व अनिश्चितता निर्माण झाली आणि काही वर्षांतच प्रवेश थांबले. तथापि उत्तीर्ण विद्यार्थी ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. २०१० मधील एका अभ्यासात नेहमीच्या आजारांच्या उपचारात त्यांची क्षमता एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या तुल्य आढळली. म्हणजे अपयश आले ते विद्यार्थ्यांना नव्हे, तर त्यांच्या पदवीला भविष्य न देणाऱ्या रचनेला. आसामच्या अशाच अभ्यासक्रमाचा वाद २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि तेथील पदविकाधारकांची सेवा कायम राहिली.

४. सद्यःस्थिती :

भारतात वैद्यक सहायकाचा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठाने डॉक्टरांच्या टंचाईवर उपाय म्हणून नौदलातील चार माजी वैद्यकीय सेवकांना घेऊन ही शाखा काढली होती. आपल्याकडे मात्र ती महानगरातील हृदयशल्यचिकित्सेच्या गरजेतून जन्मली. त्यामुळे बारावीनंतर प्रवेश मिळत असूनही ती वनातील उपकेंद्रापर्यंत आली नाही. दुसरीकडे, २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. परंतु महाराष्ट्रात त्यासाठी आधी आयुर्वेद, युनानी वा नर्सिंगची पदवी व त्यानंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण अशी अट आली. येथे वाट उघडते ती पदवीनंतर, आणि उमेदवार त्याच तालुक्याचा असावा असे बंधन नाही.

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वैद्यक सहायकाच्या व्यवसायाला प्रथमच राष्ट्रीय पातळीवर कायदेशीर स्थान दिले. चंद्रपूरला २०१५ मध्ये व गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून कार्यरत आहे. कायदा, रुग्णालय व विद्यापीठ ही तिन्ही अंगे या भागात प्रथमच एकत्र आली आहेत.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रवेशाच्या प्रत्येक व्यवस्थेला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. प्रवेश केव्हा? विद्यार्थी कोठला? आणि पुढे कोठवर? परवानाधारकांच्या व्यवस्थेत प्रवेश लवकर होता व शेवटी शिडीही मिळाली, पण शिक्षण दूरच्या शहरात होते. आरोग्यदूत गावचे होते, पण पुढची शिडी नव्हती. छत्तीसगडमध्ये प्रवेश लवकर होता, पण मान्यता नव्हती. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला मान्यता आहे, पण प्रवेश उशिराचा आहे.

यास्तव अकरावी-बारावीच्या टप्प्यावरच भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती यांसारख्या तालुक्यांतील, माडिया-गोंडी जाणणारे विद्यार्थी निवडून त्यांची वैद्यक सहायकाच्या पदवीची जागा निश्चित करावी, प्रशिक्षण जिल्ह्यातच द्यावे आणि अनुभवानंतर पुढील शिक्षणाचा मार्ग कायद्याने खुला ठेवावा. भोर समितीची दुय्यम डॉक्टराबद्दलची शंका आजही विचारार्ह आहे. तिचे उत्तर दार बंद करण्यात नसून, दारातून आत आलेल्याला वर जाऊ देण्यात आहे. आमच्या वर्गांत कला शाखेच्या बाकांवर बसलेले, विज्ञान शाखा गावात नव्हती म्हणूनच येथे आलेले कितीतरी विद्यार्थी पाहताना या प्रश्नाची निकड अध्यापकाला जाणवल्यावाचून राहत नाही.