अंथरुणाला खिळलेली माणसं आणि त्यांना उठवणारे हात

आपल्या भाषेत एक मोठा बोलका शब्दप्रयोग आहे: अंथरुणाला खिळणं. खिळणं म्हणजे खिळा ठोकल्यासारखं जागीच जखडून जाणं. पण हा खिळा ठोकतं कोण? आपण धरून चालतो की आजार ठोकतो, नाहीतर म्हातारपण. विसाव्या शतकातल्या शुश्रूषेचा इतिहास पाहिला तर उत्तर जरा अडचणीचं निघतं. बऱ्याचदा तो खिळा पलंगच ठोकत होता, आणि तोही उपचार म्हणून.

हे कसं लक्षात आलं, ते पाहण्यासाठी आपण लंडनच्या पश्चिमेला, आयझलवर्थला जाऊ. तिथल्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ साली शेजारच्या जुन्या वर्कहाउसचा आजारी विभाग आला. वर्कहाउस म्हणजे निराधार गरिबांना कसंबसं ठेवून घेण्याची सरकारी जागा. त्या विभागात ७१४ रुग्ण होते, त्यांतले कितीतरी वृद्ध. त्यांच्याकडून आता कोणाची काही अपेक्षा उरलेली नव्हती. जेवण मिळे, चादर बदलली जाई, बाकी पडून राहायचं. जबाबदारी आली डॉ. मार्जरी वॉरन यांच्यावर. वॉरनबाईंनी साधी पण तिथे नवी असलेली गोष्ट केली: एकेका रुग्णाला नीट तपासलं, कोणाला काय जमू शकेल त्याप्रमाणे गट पाडले, वॉर्डांत रंग दिला, उजेड वाढवला आणि माणसांना पलंगावरून खाली आणायला सुरुवात केली. पुष्कळ लोक हिंडूफिरू लागले. काही घरी गेले. १९४३ आणि १९४६ साली त्यांनी यावर लेख लिहिले, आणि वृद्धांच्या वैद्यकाची इंग्लंडमधली सुरुवात तिथून मोजतात.

आता इतिहास सांगतो, ‘वॉरन यांनी रुग्णांना उठवलं.’ आम्हाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. सातशे माणसांना एकट्या डॉक्टरीणबाई कशा उठवणार? रोज सकाळी पाठीमागे हात घालून बसवणारे, पाय खाली सोडणारे, खुर्चीपर्यंत नेणारे हात परिचारिकांचे होते. त्यांची नावं इतिहासात आली नाहीत, आणि हातांतलं कसबही आलं नाही.

१९४७ साली रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी पलंगाच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू झिजतात, हाडांतला चुना कमी होतो, पाठीला जखमा होतात, हे त्यांनी अवयवागणिक मांडलं. विश्रांती हेच औषध मानणाऱ्या काळात हे बोलणं धाडसाचं होतं.

पण परिचारिकेनं नेमकं काय करायचं, हे मोजूनमापून पाहिलं ते डोरीन नॉर्टन यांनी, आणि त्या स्वतः परिचारिका होत्या. रोडा मॅक्लारेन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्याबरोबरचा त्यांचा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून वॉर्डावॉर्डांत कातडीला नाना मलमं, द्रावणं चोळत. नॉर्टनबाईंना दिसलं की त्यांनी फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वेळेवर कूस बदलल्यानं. धोका ओळखण्यासाठी त्यांनी वीस गुणांची मोजपट्टी केली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणं-फिरणं, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा अशा पाच बाबी, प्रत्येकीला एक ते चार गुण. बेरीज चौदा किंवा कमी आली की सावध व्हायचं. पाचांतल्या दोन बाबी हालचालीच्या आहेत, हे लक्षात घ्या.

आता प्रत्यक्ष कसबाकडे येऊ. तुम्ही खुर्चीवर बसला असाल तर करूनच पाहा. उठताना आपण सरळ वर जात नाही. आधी कडेला सरकतो, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घेतो, पुढे वाकतो, वजन तळपायांवर येतं आणि मग कंबर सुटते. पण घरोघरी, आणि पूर्वी रुग्णालयांतही, म्हाताऱ्या माणसाला उठवायचं म्हणजे समोर उभं राहायचं, काखेत हात घालायचे आणि वर ओढायचं. समोर आपण उभे, मग वाकायला जागा कुठे? ओढल्यानं वजन मागे जातं, खांदा दुखावतो, माणूस घाबरून ताठ होतो, आणि आपण म्हणतो, ‘काही सहकार्यच करत नाहीत!’

मराठीनं फरक अचूक टिपला आहे. उठणं वेगळं, उठवणं वेगळं. जाणती परिचारिका बाजूला उभी राहते, एक हात पाठीशी ठेवते, पावलं मागे घ्यायला सांगते आणि थांबते. त्या थांबण्यात तिचं अर्धं शिक्षण आहे. म्हाताऱ्या शरीराला सूचना पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात आपण उचललं तर त्याच्याकडे उरलेली थोडी ताकदही बिनकामाची ठरते. रोज बिनकामाची ठरलेली ताकद काही आठवड्यांत खरोखरच जाते.

अमेरिकेतले फ्रँक हॅच आणि लेनी मायेटा यांनी हीच गोष्ट ‘किनेस्थेटिक्स’ नावानं शिकवायला घेतली, आणि ती स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या परिचारिकांत रुजली. गंमत म्हणजे हॅच नृत्याकडून आलेले. ब्रिटनमध्ये याच प्रश्नाला वेगळ्या बाजूनं तोंड फुटलं: वजन उचलून परिचारिकांच्या पाठी कामातून जात होत्या. तिथे १९९२ साली हातानं ओझी हलवण्याबाबत नियम झाले. रुग्णाला उचलणं कमी झालं ते आधी परिचारिकेच्या मणक्यासाठी, हे मान्य करायला हवं.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला इथे गिल्बर्ट राइल आठवतात. ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ यांत त्यांनी फरक केला, तोही याच काळात, चाळिशीच्या दशकात. पहिलं ज्ञान पुस्तकात मावतं. दुसरं हाताला येतं, आणि परीक्षेच्या कागदावर ते दिसत नाही म्हणून त्याला पगारही कमी. आज आपल्याकडे घरच्या आजी-आजोबांसाठी ब्युरोतून येणाऱ्या मावशी हेच काम करतात. त्यांतल्या कितीतरी जणींना कुणीच काही शिकवलेलं नसतं, तरी काहींच्या हाताला ते येतं. त्या काखेत हात न घालता आधी, ‘आजी, पाय मागे घ्या,’ म्हणतात.

घरी कोणी असेल तर आज एवढंच बघा, आपण समोर उभे राहतो की बाजूला. आता तुमचे प्रश्न घेऊ या.