वास्तुशिल्पज्ञांची पेढी आणि इतिहासाची साधने : गिरीज परिसराच्या निमित्ताने

वसई तालुक्यातील गिरीज या गावी हिराडोंगर नावाची एक लहान टेकडी आहे. वसईच्या मोहिमेच्या काळात (१७३७-३९) मराठ्यांनी तिच्यावर वज्रगड हा किल्ला उभारला. आज माथ्यावर दत्तमंदिर असून तटबंदीचे काही अवशेष शिल्लक आहेत. ही मोहीम कशी चालली हे आपण बरेच तपशिलाने सांगू शकतो, कारण तिचे कागद जपले गेले. ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून अभ्यासकांच्या हाती दिले आहेत. याच परिसरात गेल्या चाळीस वर्षांत उभ्या राहिलेल्या शाळा, दवाखाने, चाळवजा गृहसंस्था आणि बाजारगाळे यांचे आराखडे कोणी काढले, असा प्रश्न कोणी केला तर मात्र उत्तर देणे अवघड होते. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या वेढ्यापेक्षा कालची इमारत अभ्यासकाला अधिक अपरिचित असावी, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

वसईचा बांधकामाशी असलेला संबंध जुना आहे. १५३४ साली हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात राहिला. येथील काळा दगड समुद्रमार्गे गोव्याला जात असे. जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या चर्चसाठी (१५९४-१६०५) तो वापरल्याचे प्रसिद्ध आहे. त्या काळी वास्तूवर नाव राही ते आश्रयदात्याचे, धर्मसंघाचे अथवा सेनापतीचे. आराखडा करणारा आणि पाथरवट हे दोघेही बहुधा अनामिकच राहिले. इमारतीचा आराखडा करणे हा स्वतंत्र व्यवसाय असून तो करणाऱ्याने त्याखाली आपली सही करावी, ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा रुजली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील सार्वजनिक इमारती मुख्यतः सरकारी बांधकाम खात्यामार्फत होत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे व राजाबाई मनोऱ्याचे (१८७८) नकाशे गिल्बर्ट स्कॉट याने विलायतेत बसून काढले. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. प्रत्यक्ष बांधकामावर देखरेख करणाऱ्या रावबहादूर मकुंद रामचंद्र यांचे नाव त्या मानाने किती थोड्यांना ठाऊक आहे! ताजमहाल हॉटेलाच्या (१९०३) बाबतीत सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे आरंभीचे काम असून पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स याने ते पूर्णत्वास नेले. एकाच वास्तूचे कर्तृत्व अनेक हातांत वाटले जाते आणि स्मरणात मात्र एखादेच नाव उरते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

सरकारी खात्याबाहेर स्वतंत्र व्यवसायाची वाट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स याने नोकरी सोडून प्रशस्त केली. मुंबई महापालिकेची इमारत (१८९३) ही त्याची साक्ष होय. तथापि पेढीचे खरे युग विसाव्या शतकातले. सर जे. जे. कलाशाळेत वास्तुशिल्पाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. १९१७ साली स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेतून १९२९ पर्यंत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही संस्था आकारास आली. सिमेंट-काँक्रीटचा प्रसार झाल्यावर रचनेचे गणित, विजेची व पाण्याची व्यवस्था आणि खर्चाचा अंदाज ही सारी कामे एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेली. अनेक भागीदार, त्यांच्या हाताखाली आरेखक आणि प्रत्येक कामाचा जपून ठेवलेला नकाशासंच, ही पेढीची घडण या गरजेतून निर्माण झाली.

ग्रेगसन, बॅटली आणि किंग या पेढीचे उदाहरण घ्यावे. क्लॉड बॅटली यांच्या नावावर मुंबई सेंट्रल स्थानक (१९३०) आहे, तसाच मलबार हिलवरील जिनांचा बंगलाही (१९३६) आहे. सार्वजनिक इमारत आणि खाजगी निवास ही दोन्ही कामे एकाच पेढीत होत. मास्टर, साठे आणि भुता या पेढीने फोर्ट भागात न्यू इंडिया विमा कंपनीची इमारत (१९३६) उभारली. तिच्या दर्शनी भागावरील शेतकरी-कष्टकऱ्यांची शिल्पे ना. ग. पानसरे यांची. व्यापारी इमारतीला कलेची जोड देण्याचा हा यत्न पेढीच्या संघटित कामाशिवाय शक्य झाला नसता. गजानन बाबूराव म्हात्रे (१९०२-१९७३) यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. सुना महाल, एम्प्रेस कोर्ट आदी त्यांच्या इमारती हजारो लोक रोज पाहत होते, परंतु त्यांचे कर्तृत्व अभ्यासाचा विषय झाले ते कामू अय्यर यांनी संपादिलेला ग्रंथ २००० साली निघाल्यावर. वास्तू उभी असली तरी तिचा कर्ता आपोआप स्मरणात राहत नाही. त्यासाठी कागद लागतात आणि ते वाचणारा लागतो.

आता पुन्हा गिरीजकडे वळू. १९९० साली वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. २००९ साली महापालिका अस्तित्वात आली व नियोजनाचा अधिकार पुढे तिच्याकडे गेला. त्यापूर्वीच्या परवानग्यांसाठी ग्रामपंचायती व महसूल खाते यांच्याकडे पाहावे लागते. म्हणजे इमारतींच्या नकाशांचा माग घेऊ इच्छिणाऱ्यास निरनिराळ्या कार्यालयांची दारे ठोठवावी लागणार. उरला पेढ्यांचा स्वतःचा संग्रह. तो खाजगी असतो. भागीदार निवृत्त झाला, जागा बदलली, की त्याचे भवितव्य अनिश्चित होते.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या सोयीचा नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने 'आर्किटेक्ट' ही पदवी नोंदणीकृत व्यक्तींपुरती राखून ठेवली. मात्र तो कायदा पदवीचे संरक्षण करतो, इतरांना वास्तुरचनेचे काम करण्यास मनाई करीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तेव्हा आराखड्याखालची सही ही जबाबदारीची खूण म्हणून अधिकच मोलाची ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे एक रहिवासी इमारत कोसळून पंधराहून अधिक माणसे मृत्यू पावली. ती इमारत अनधिकृत असल्याचे सांगण्यात आले. जेथे मंजूर नकाशा नाही, तेथे कोणी काय मोजले, कोणी काय तपासले, हे दुर्घटनेनंतर विचारण्यास आधारच राहत नाही. इतिहासाचे साधन आणि रहिवाशांचे संरक्षण हे दोन्ही येथे एकाच कागदावर अवलंबून आहेत.

याला एक आक्षेप संभवतो. सामान्य गृहसंस्थेच्या नकाशात इतिहासाला काय मिळणार? याचे उत्तर असे की, पेशवे दप्तरातील पुष्कळसे कागदही हिशेबाचे, रसदीचे आणि नेमणुकांचेच आहेत. त्यांतूनच त्या काळाचे जीवन उलगडले. खोलीचे माप, स्वयंपाकघराची जागा, विहिरीऐवजी आलेली टाकी, वाडीच्या जागी पडलेला रस्ता, या नोंदींतून बागायती गावाचे उपनगर कसे झाले ते समजेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी याची सुरुवात लहान क्षेत्रापासून करावी. गिरीजसारख्या एका गावातील सार्वजनिक, शैक्षणिक, निवासी व व्यापारी इमारतींची प्रत्येकी थोडी उदाहरणे घ्यावीत. कर्ता, साल, मंजुरी देणारे कार्यालय आणि नकाशाचे सध्याचे ठिकाण अशी सूची करावी. जेथे पेढी अनुमती देईल तेथे नकाशांच्या प्रती विभागाच्या संग्रहात ठेवाव्यात. वज्रगडाचा इतिहास लिहिणाऱ्यांना जी साधने पूर्वीच्या संशोधकांनी मिळवून दिली, तशीच साधने पुढील संशोधकांसाठी राखून ठेवणे हे आपल्या पिढीचे काम आहे.